कुलूप लावण्यापूर्वी

मे महिना उजाडला की महाराष्ट्रातील अनेक घरांत वजनकाटा बाहेर निघतो. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे निघालेले आई-वडील महिनाभर बॅगा भरत असतात. मेतकूट, भाजणी, खाखरे, पापड, नातवंडांसाठी शिवलेले कपडे आणि सहा महिन्यांची औषधे. बॅग २३ किलोच्या वर जाऊ नये म्हणून ती पुनःपुन्हा काट्यावर चढते. एक डबा बाहेर येतो, दुसरा आत जातो. या साऱ्या खटपटीत मागे राहणाऱ्या घराच्या वाट्याला मात्र निघण्यापूर्वीचा अर्धा तास येतो. गॅस बंद केला ना, खिडक्या लावल्या ना, असे एकमेकांना विचारत कुलूप लागते आणि गाडी विमानतळाच्या दिशेने निघते.

२३ किलोच्या बॅगेला एक महिना आणि आयुष्यभराच्या कमाईतून उभ्या राहिलेल्या घराला अर्धा तास, ही वाटणी उफराटी आहे. त्यातही काळ अवघड. अमेरिकेसारख्या देशात पर्यटक व्हिसावर एका भेटीत साधारणतः सहा महिन्यांपर्यंत राहता येते. मेमध्ये निघालेली माणसे दिवाळीच्या सुमारास परततात. म्हणजे घर बंद राहते तो काळ नेमका मृगापासून परतीच्या पावसापर्यंतचा. ओल, बुरशी, वाळवी, डास आणि विजेचे चढउतार या सर्वांचा हाच हंगाम. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या कुटुंबांना तर २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांतील महापुरांची आठवण पुसता येणार नाही.

कुलूप लावले म्हणजे घर थांबते, असा एक समज असतो. प्रत्यक्षात नळाच्या वायसरमधून पाणी झिरपत राहते, तारांमधून वीज वाहत राहते, खात्यातून हप्ते कापले जातात आणि कागदांवरच्या मुदती संपत राहतात. एरवी या साऱ्यांवर घरातील माणसांचे नकळत लक्ष असते. ते लक्ष सहा महिने नसणार, हे गृहीत धरून जे थांबवता येईल ते थांबवावे, आणि जे थांबवता येणार नाही त्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून द्यावी. घर बंद करण्याची सारी तयारी या दोन वाक्यांत सामावते.

किल्ली कोणाकडे?

सर्वांत पहिला प्रश्न किल्लीचा. कित्येक जण सर्व किल्ल्या बरोबर नेतात. काही जण त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या आप्तांकडे देतात. दोन्हींचा परिणाम एकच. जुलैमधल्या एखाद्या रात्री खालच्या मजल्यावरील घराचे छत गळू लागते. सोसायटीचे सचिव परदेशी फोन लावतात. तो उचलला जात नाही. उचलला गेला तरी किल्ली हजारो मैलांवर असते. अखेर चार शेजाऱ्यांसमक्ष कुलूप तोडावे लागते. तोपर्यंत खालच्यांचे छत खराब झालेले असते, आपली जमीन भिजलेली असते आणि वर्षानुवर्षांच्या शेजारात कटुता आलेली असते.

म्हणून किल्ली अशा व्यक्तीकडे असावी, जी पायी दहा मिनिटांत घरी पोहोचू शकेल. नाते जवळचे असण्यापेक्षा घर जवळचे असणे येथे अधिक उपयोगी. त्या व्यक्तीलाही गावी जावे लागते, आजारपण येते. यास्तव दुसरे नावही ठरलेले असावे.

किल्लीबरोबर एका पानाचे टिपण द्यावे. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कोठे, विजेच्या पेटीतील कोणता स्विच कशाचा, नळकारागीर व वायरमन यांचे क्रमांक, सोसायटीचे कार्यालय, घराच्या विम्याचा पॉलिसी क्रमांक आणि परदेशातील मुलांचे क्रमांक, एवढे त्यात पुरे. जोडीला खर्चासाठी काही रक्कम पाकिटात घालून द्यावी. शेजारी पैसे मागत नाही आणि त्यामुळे दुरुस्ती रखडते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. आणीबाणीत घर उघडण्याची, प्रसंगी कुलूप तोडण्याची परवानगीही लेखी स्वरूपात सोसायटीकडे असावी.

निघण्यापूर्वी किल्लीधारकाला एकदा घरभर फिरवावे आणि मुख्य व्हॉल्व्ह त्याच्याच हाताने बंद करवून घ्यावा. वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह क्षार धरून घट्ट बसलेला असतो. जोर लावताच तो तुटतो किंवा गळू लागतो. हे विमानाच्या आदल्या रात्री कळण्यापेक्षा पंधरा दिवस आधी कळलेले बरे.

मुदतींचे पत्रक

घराच्या भिंतींपेक्षाही घराचा व्यवहार अनुपस्थितीत लवकर बिघडतो. निघण्यापूर्वी दोन महिने एक कागद घेऊन मेपासून नोव्हेंबरपर्यंतचे महिने त्यावर मांडावेत आणि प्रत्येक महिन्यापुढे त्या महिन्यात संपणारी मुदत लिहावी. मालमत्ता कर, सोसायटीची वर्गणी, वाहनाचा विमा व पीयूसी, आरोग्य विम्याचा हप्ता, आयुर्विम्याचा हप्ता, लॉकरचे भाडे आणि मुदत ठेवी. आरोग्य विमा हप्त्याअभावी खंडित झाला तर उतारवयात तो नव्याने मिळणे किती कठीण असते, हे सर्वज्ञात आहे. केवळ एका तारखेच्या विसरामुळे असे होऊ नये.

मुदत ठेवींबाबत एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुदत संपल्यावर ठेवीचे नूतनीकरण झाले नाही व रक्कम बँकेतच पडून राहिली, तर जुलै २०२१ मधील रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार तिच्यावर बचत खात्याचा दर अथवा ठेवीचा मूळ दर, यांपैकी जो कमी असेल तो मिळतो. मोठ्या रकमेवर पाच महिन्यांचा हा फरक नगण्य नसतो. निघण्यापूर्वी प्रत्येक पावतीवर आपोआप नूतनीकरणाची सूचना नोंदलेली आहे की नाही, हे शाखेत जाऊन पाहावे. प्राप्तिकर विवरणपत्राची मुदत एरवी ३१ जुलै असते. त्यासाठी लागणारी कागदपत्रे सल्लागाराकडे आधीच सोपवावीत.

निवृत्तिवेतनधारकांसाठी नोव्हेंबर महत्त्वाचा. हयातीचा दाखला या महिन्यात द्यावा लागतो. ८० वर्षे पूर्ण केलेल्या केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना तो ऑक्टोबरपासून देता येतो. परतीची तारीख पुढे जाण्याची शक्यता असेल, तर जीवन प्रमाण या डिजिटल सुविधेची माहिती आधीच करून घ्यावी. ही सुविधा २०१४ पासून उपलब्ध आहे आणि आता मोबाईलवर चेहऱ्याच्या ओळखीनेही दाखला देता येतो.

या सर्व व्यवहारांचा आधार आज एका लहानशा वस्तूवर आहे, ती म्हणजे मोबाईलचे सिमकार्ड. बँकेत नोंदवलेला भारतीय क्रमांक परदेशी गेल्यावर पेटीत पडून राहतो. प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस वापरला गेला नाही तर तो बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणास दिलाही जाऊ शकतो. मग ओटीपी येत नाही, खाते उघडत नाही आणि हप्ते अडतात. निघण्यापूर्वी रोमिंगची सोय, पुरेसा रिचार्ज आणि अधूनमधून त्या क्रमांकाचा वापर, एवढे केल्यास हा प्रसंग टळतो.

जाताना कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ते कपाटात ठेवण्याची एक जुनी पद्धत आहे. ती तत्काळ सोडावी. बंद घरातील सही केलेला कोरा धनादेश म्हणजे उघडी तिजोरी. एटीएमचा पिन कोणास सांगणेही तितकेच अनिष्ट. नियमित देण्यांसाठी बँकेला स्थायी सूचना देता येते. विश्वासातील व्यक्तीला खाते चालवण्याचे अधिकारपत्रही देता येते, आणि ते हवे तेव्हा रद्द करता येते.

दागिने, लॉकर आणि विमा

घरातील सोने-नाणे व मूळ दस्तऐवज लॉकरमध्ये ठेवणे हे ओघाने आलेच. मात्र लॉकरमध्ये ठेवलेल्या वस्तूंची संपूर्ण भरपाई बँक देते, हा गैरसमज दूर व्हायला हवा. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक, यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत मर्यादित आहे. भाडे ३,००० रुपये असेल तर ही मर्यादा ३ लाख रुपये. भूकंप, पूर, वीज पडणे यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत तेवढेही दायित्व नाही. दागिन्यांची यादी, छायाचित्रे व पावत्या यांचा संच मुलांकडे असावा आणि दागिन्यांच्या वेगळ्या विम्याचाही विचार करावा. लॉकरची किल्ली बंद घराच्या कपाटात ठेवू नये. ती चोराच्या हाती लागून लॉकर उघडणार नाही हे खरे. परंतु हरवलेल्या किल्लीपायी लॉकर फोडून घेण्याचा खर्च आणि खेपा मालकाच्याच माथी येतात.

घराचा विमा असलेल्यांनी पॉलिसीतील बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावीत. घर सलग काही दिवसांपेक्षा अधिक काळ, पुष्कळदा ३० दिवसांहून अधिक, निर्मनुष्य राहणार असेल तर तसे विमा कंपनीस आधी कळवावे, अशी अट अनेक पॉलिसींमध्ये असते. कळवले नाही तर चोरीचा दावा नाकारला जाऊ शकतो. एक पत्र किंवा ईमेल पाठवून त्याची पोच घेतली की काम होते. वर्षानुवर्षे हप्ते भरायचे आणि नेमक्या गरजेच्या वेळी एका न लिहिलेल्या पत्रामुळे हक्क गमवायचा, यासारखे दुःख नाही.

पाणी

घरात पाणी आणणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सर्व नळ एकदा उघडावेत, म्हणजे नळ्यांतील दाब निघून जातो. वॉशिंग मशिन आणि फ्लशच्या टाकीचे वेगळे कॉकही बंद करावेत. स्वतंत्र बंगला असेल तर गच्चीवरील पन्हळी व पाणी जाण्याची तोंडे पावसापूर्वी साफ करून घ्यावीत. मूठभर पाला एका तोंडाशी अडकला तरी गच्चीचे तळे होते आणि ते पाणी छतातून वाट काढते.

न्हाणीघरातील जाळीखाली नळकारागीर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, तो बसवलेला असतो. त्यात नेहमी थोडे पाणी साठून राहते आणि तेच गटारातील दुर्गंधी व झुरळे वर येऊ देत नाही. वापर थांबला की काही आठवड्यांत हे पाणी आटते आणि गटाराची वाट घरात उघडते. बंद घरात शिरताच येणाऱ्या कुबट वासाचे कारण बहुधा हेच. जाळीवर जाड प्लॅस्टिक पसरून त्यावर वजन ठेवावे, बेसिनची भोके बुचाने बंद करावीत, कमोडचे झाकण लावावे. किल्लीधारक पंधरवड्याने येईल तेव्हा त्याने प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतले तर प्रश्नच उरत नाही.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. कुंड्यांखालच्या बशा, फ्रीजच्या मागचा ट्रे, कूलरची टाकी, गॅलरीतील रिकामी बादली ही त्याची आवडती ठिकाणे. ही सारी भांडी कोरडी करून पालथी घालावीत. कुंड्या शेजाऱ्यांच्या गॅलरीत हलवाव्यात. पाणी नसेल तेथे डास जन्मालाच येत नाही, आणि मग त्याला मारण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

स्वयंपाकघर

हाच विचार स्वयंपाकघरात अधिक काटेकोरपणे लागू होतो. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस आणि हिवाळ्यात ७ दिवस मानली जाते. जेथे तीन दिवसांचा विचार केला जातो, तेथे सहा महिन्यांच्या पिठाचे काय सांगावे? तरीही परतल्यावर पहिल्या दिवशी पोळीपुरते असू द्यावे म्हणून अर्धा डबा कणीक मागे ठेवली जाते. पावसाळी ओलाव्यात त्या डब्यात अळ्या होतात, जाळी धरते आणि परतलेल्या गृहिणीला प्रवासाच्या शिणात ते सारे निस्तरावे लागते. घर जीवजंतूंनी भरू देणे आणि नंतर औषध फवारून ते निर्जीव करणे, यापेक्षा जीवोत्पत्तीचे कारणच मागे न ठेवणे केव्हाही श्रेयस्कर. यतना ती हीच.

निघण्यापूर्वी महिनाभर किराणा भरणे थांबवावे आणि असलेले संपवीत जावे. उरलेले धान्य, डाळी, रवा, शेंगदाणे, सुकामेवा कामाच्या मावशींना किंवा गरजू घरी द्यावा. देण्यायोग्य असतानाच देणे हे महत्त्वाचे. साखर, गूळ यांचे डबे स्वच्छ पुसून घट्ट लावावेत. ओटा, शेगडीखालची जागा, मिक्सरचा तळ, डब्यांखालचा फडताळाचा कागद हे सारे निघण्याच्या आदल्या दिवशी कोरड्या फडक्याने पुसावे. मुंग्यांना वाट दाखवणारा कण सहसा तेथेच असतो.

चार डबे मसाला आणि तुपासाठी फ्रीज सहा महिने चालू ठेवण्याचा मोहही आवरावा. मधेच दोन दिवस वीज गेली तर आतल्या पदार्थांची काय अवस्था होईल, याची कल्पनाच केलेली बरी. फ्रीज रिकामा करून, पुसून, कोरडा करून दोन्ही दारे थोडी उघडी ठेवावीत. दार बंद होऊ नये म्हणून मधे घडी केलेला टॉवेल अडकवावा.

सिलिंडरचा रेग्युलेटर काढून त्यावर सुरक्षा टोपी बसवावी. नळाचा गॅस असेल तर शेगडीजवळचा आणि मीटरजवळचा, असे दोन्ही कॉक बंद करावेत.

वीज आणि वाहन

मुख्य स्विच बंद करणे सर्वांत सुरक्षित. मात्र कॅमेरा किंवा इंटरनेट चालू ठेवायचे असेल तर तेवढाच एमसीबी चालू ठेवून बाकी सारे बंद करावेत. कोणता एमसीबी कशाचा, याच्या चिठ्ठ्या पेटीत चिकटवून ठेवाव्यात. टीव्ही, संगणक, वॉटर प्युरिफायर यांचे प्लग काढूनच ठेवावेत. पावसाळी कडकडाटात केवळ बटण बंद असणे पुरेसे नसते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरून ती पूर्ण चार्ज करावी, आणि किल्लीधारकाने महिन्यातून एकदा काही तास ती पुन्हा चार्ज करावी.

मीटर घराच्या आत असेल तर दार बंद असल्यामुळे वाचन होत नाही आणि सरासरीचे देयक येते. महावितरणच्या अ‍ॅपवर ग्राहकाला स्वतः वाचन पाठवता येते. किल्लीधारकाने मीटरचे छायाचित्र पाठवले की परदेशातूनही हे साधते.

मोटारीचा हँडब्रेक सहा महिने ओढलेला राहिल्यास चाकाला चिकटून बसतो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना विटा लावणे बरे. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. गाडीत खाण्याचा एक कणही राहू देऊ नये, नाहीतर उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात.

ओल

सर्व खिडक्या-दारे गच्च लावलेल्या घरात ओल कोंडते. मुखवटा लावून बसलेल्या माणसासारखे ते घर गुदमरते. बाहेरच्या खिडक्या बंद ठेवाव्याच लागतात, परंतु आतली दारे आणि कपाटांची झडपे किंचित उघडी ठेवावीत. कपाटे व पलंग भिंतीपासून चार बोटे दूर सारावेत. गाद्या उभ्या कराव्यात. पावसात उघडीप मिळेल त्या दिवशी किल्लीधारकाने दोन तास खिडक्या उघडून पंखे लावले, तर बुरशीला थारा मिळत नाही. याच फेरीत भिंतींच्या कडांना वाळवीची मातीची रेघ दिसते का, हेही पाहता येते.

भरजरी साड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळाव्यात. डांबराच्या गोळ्यांनी जर काळी पडते, त्यामुळे त्या जरीजवळ ठेवू नयेत. जुन्या पोथ्या, छायाचित्रांचे अल्बम, घराची खरेदीखते यांना भिंतीलगतचा खालचा कप्पा कधीही देऊ नये. नदीकाठी, तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर ही सामग्री वरच्या मजल्यावरील आप्तांकडेच ठेवावी. पुराचे पाणी कुलूप पाहून मागे फिरत नाही.

घर बंद असल्याची दवंडी

दारात साठलेली वर्तमानपत्रे, दुधाची लटकती पिशवी, कुरियरच्या चिठ्ठ्या आणि बाहेरून लोंबणारे मोठे कुलूप, ही सारी घर रिकामे असल्याची दवंडीच. वृत्तपत्र व दूध निघण्याच्या दिवसापासून बंद करावे, टपाल शेजाऱ्याने उचलावे आणि दाराला आतून बसणारे कुलूप असावे. सर्वांत मोठी दवंडी मात्र हल्ली आपणच पिटतो. विमानतळावरील छायाचित्र शंभर जणांच्या समूहात पडले की घर किती काळ रिकामे राहणार, हे अनोळखी लोकांनाही कळते. छायाचित्रे परतल्यावरही तितकीच सुंदर दिसतात. पोलीस ठाण्यात मात्र प्रवासाच्या तारखा व किल्लीधारकाचा क्रमांक जरूर कळवावा.

माणसे आणि देवघर

घर बंद होते तेव्हा घरावर पोट असलेल्या माणसाचे उत्पन्नही बंद होते, हे पुष्कळदा लक्षातच येत नाही. दहा-बारा वर्षे केर-भांडी करणाऱ्या मावशींना सहा महिन्यांची बिनपगारी रजा मिळते. त्यांना दुसरे काम शोधावे लागते आणि परतल्यावर त्या येत नाहीत. त्याऐवजी त्यांना पगार किंवा त्याचा ठरलेला भाग देऊन, किल्लीधारकाच्या उपस्थितीत पंधरवड्याची झाडलोट त्यांच्याकडे सोपवावी. त्यांचे घर चालते, आपले घर नांदते राहते.

ज्या घरात प्रतिष्ठित प्रतिमा असलेले घरदेरासर किंवा गृहचैत्यालय आहे, तेथे प्रतिमा अपूज राहता कामा नये. मंदिराच्या विश्वस्तांशी आधी बोलून ती विधिपूर्वक मंदिरात किंवा नित्यपूजा होणाऱ्या आप्तांच्या घरी न्यावी. हे शेवटच्या दिवशी घाईने ठरवण्याचे काम नव्हे.

आणखी एक विषय उतारवयात टाळला जातो. परतीचे तिकीट काढलेले असले तरी आजारपण तारखा बदलू शकते आणि कधी परतणे होतही नाही. मागे राहिलेल्या घराची, ठेवींची आणि लॉकरची माहिती कोणालाच नसेल तर दुःखात असलेल्या मुलांना कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात. निघण्यापूर्वी सर्व खात्यांवरील नामनिर्देशन तपासावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. परंतु नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, तिची मालकी मृत्युपत्र किंवा वारसाहक्काने ठरते. म्हणून साधे, स्पष्ट मृत्युपत्र करून ते कोठे आहे एवढे मुलांना सांगावे. यात अशुभ काही नाही. मागे राहणाऱ्यांची ही सर्वांत मोठी सोय आहे.

शेवटचा दिवस आणि परतीचा

अखेरच्या दिवशी आठवणीवर विसंबू नये. खोलीवार यादी करून प्रत्येक कामापुढे खूण करावी. पाण्याचा व्हॉल्व्ह, गॅसचा कॉक, विजेची पेटी आणि लावलेले कुलूप यांची छायाचित्रे मोबाईलमध्ये घ्यावीत. विमान समुद्रावर असताना ‘गॅस बंद केला होता ना?’ ही शंका येतेच, आणि त्या वेळी छायाचित्राइतका दिलासा दुसरे काही देत नाही. कचऱ्याची बादली रिकामी करून कोरडी करणे हे शेवटचे काम.

परतल्यावरही थोडा क्रम पाळावा. दार उघडताच दिवे लावण्याची घाई न करता प्रथम खिडक्या उघडाव्यात. गॅसचा वास आल्यास कोणत्याही बटणाला हात न लावता बाहेर येऊन गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. एमसीबी एकेक करून चालू करावेत. टाकीतील जुने पाणी पिण्यास वापरू नये. टाकी धुऊन घ्यावी, नळ काही वेळ वाहू द्यावेत, प्युरिफायरचा फिल्टर पाहून घ्यावा.

आणि त्याच आठवड्यात किल्लीधारकाच्या घरी जाऊन हिशेब पूर्ण करावा. पाकिटातील किती खर्च झाले, त्याने पदरचे किती घातले, हे विचारावे. तो नको म्हणेल, तरीही आग्रहाने द्यावे. परदेशातून आणलेल्या चॉकलेटच्या डब्याने सहा महिन्यांची निगराणी फिटत नाही. ती फिटते पुढच्या हिवाळ्यात, जेव्हा तोच शेजारी सम्मेदशिखरजीच्या यात्रेला निघताना आपली किल्ली आणि एका पानाचे टिपण घेऊन या दारात उभा राहतो.